पाच तासांच्या झोपेची सवय होत नाही

पत्र: मी सतरा वर्षांची आहे. परीक्षेला पाच महिने उरलेत. रात्री अकराला अंथरुणावर पडते, पण हातात फोन असतो आणि झोपेपर्यंत दीड वाजतो. सकाळी साडेसहाला उठावंच लागतं. आठवड्याचे सहा दिवस असंच चालतं. सुटीच्या आदल्या रात्री दोनला झोपते आणि दुसऱ्या दिवशी अकराला उठते. पाच तासांची आता सवय झाली आहे, दिवसा डुलक्या येत नाहीत. पण अभ्यासात लक्ष लागत नाही. एक पान वाचायला वीस मिनिटं लागतात आणि खाली पोचेपर्यंत वरचं विसरलेलं असतं. संध्याकाळपासून स्क्रीन पिवळसर करून ठेवते, त्यामुळे प्रकाशाचा त्रास नसावा. दोनदा सगळी ॲप काढून टाकली, तिसऱ्या दिवशी परत घेतली. वर्गाच्या नोट्स आणि व्हिडिओ फोनवरच येतात, म्हणून तो बंद ठेवता येत नाही. आईबाबा फोन काढून घ्यायचं म्हणतायत. माझी एकाग्रता कायमची गेली का? — एक विद्यार्थिनी

उत्तर:

नाही, गेलेली नाही. तू झोपेला आली आहेस, आणि ते तुला कळत नाहीये.

तुझ्या पत्रात एकच वाक्य खोडून काढावंसं वाटलं: ‘पाच तासांची आता सवय झाली आहे.’ २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात धडधाकट प्रौढांवर एक प्रयोग झाला. काहींना रोज आठ तास झोपू दिलं, काहींना सहा, काहींना चार. असं सलग दोन आठवडे. अधूनमधून त्यांची एक साधी चाचणी घेतली जाई: पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांच्या चुका रोज वाढत गेल्या. शेवटी शेवटी त्यांचं लक्ष सलग एक-दोन रात्री जागलेल्या माणसाइतकं निसटू लागलं. मात्र ‘किती झोप येतेय?’ असं विचारलं तर उत्तर फारसं बदलत नव्हतं. पेंग आल्याची जाणीव काही दिवसांत बोथट होते, लक्ष मात्र ढासळतच राहतं. पान वाचून खाली येईपर्यंत वरचं पुसलं जाणं हे त्याचंच लक्षण आहे. तुझे डोळे ओळीवरून पुढे सरकतात आणि मधले काही क्षण मेंदू तिथे नसतोच.

आता तुझाच हिशेब मांडू. सहा रात्री पाच तास म्हणजे तीस, सुटीचे नऊ, एकूण एकोणचाळीस. तेरा ते अठरा या वयाला रोज आठ ते दहा तास झोप लागते. अगदी खालची मर्यादा धरली तरी आठवड्याला छप्पन्न तास होतात. म्हणजे दर आठवड्याला तुझे सतरा तास तुटतात. दोन पूर्ण रात्री तू झोपलीच नाहीस म्हण ना! सुटीच्या दिवशी अकरापर्यंत झोपून ही तूट भरत नाही. उलट दुसराच घोळ होतो. इतर दिवशी तुझ्या झोपेचा मध्य पहाटे चारला येतो, सुटीला साडेसहाला. दर आठवड्याला अडीच तासांनी मागे असलेल्या देशात जाऊन लगेच परत यावं, तसं तुझ्या शरीराच्या घड्याळाला वाटतं. मग सुटीच्या रात्री लवकर झोप येत नाही आणि आठवड्याचा पहिला दिवस सगळ्यात जड जातो.

झोपेत नेमकं काय तुटतं, तेही पाहा. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. साडेसहाच्या गजराने तुझी पहाटेकडची झोप सगळ्यात जास्त कापली जाते. दिवसा वाचलेलं पक्कं करून ठेवण्याचं काम मेंदू झोपेतच करतो. तेव्हा रात्री एक वाजेपर्यंत जागून केलेला अभ्याससुद्धा तोट्याचाच असतो, आणि तुझे अडीच तास तर अभ्यासातही जात नाहीत.

पिवळ्या स्क्रीनचं काय? डोळ्याच्या पडद्यात काही पेशी निळसर प्रकाशाला विशेष संवेदनशील असतात. दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूला कळवतात आणि रात्री वाढणारं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, त्या प्रकाशाने दबतं. हे खरंच आहे. पण त्याचं वजन किती? बोस्टनमधल्या संशोधकांनी काही जणांना सलग पाच रात्री, झोपण्याआधी चार तास, मंद उजेडाच्या खोलीत पूर्ण प्रखर स्क्रीनवर वाचायला लावलं. कागदी पुस्तकाच्या तुलनेत त्यांना झोप लागायला सरासरी दहा मिनिटं उशीर झाला. मेलाटोनिन दबलं आणि शरीराचं घड्याळही उशिराकडे सरकलं, त्यामुळे परिणाम नाही असं म्हणता येत नाही. पण तू जे अडीच तास गमावतेस ते या दहा मिनिटांमुळे नव्हे. २०२१ साली ब्रिगहॅम यंग विद्यापीठात फोनची हीच पिवळसर रंगाची सोय तपासली, तर ती वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्यांच्या झोपेत फरक आढळला नाही. पिवळी स्क्रीन राहू दे, तिने नुकसान काही नाही. फक्त ती लावली म्हणून फोन अंथरुणात चालेल, असं समजू नकोस. फोनमधला मजकूर संपत नाही, हे खरं कारण आहे. पुस्तकाचं प्रकरण संपतं, रील संपली की दुसरी आपोआप सुरू होते. पुढची चांगली निघेल की टाकाऊ, हे ठाऊक नसतं, आणि नेमकं तेच बोटाला पुढे ढकलायला लावतं. थांबायची जागा कुठे येतच नाही. त्यात एखादा मेसेज मनाला लागला की शरीर थकलेलं असूनही डोकं जागं राहतं.

म्हणून क्रम असा ठेव: आधी झोप, मग एकाग्रता. सगळे उलट करतात. अर्धवट झोपेत एकाग्रतेच्या युक्त्या वापरून पाहतात, त्या फसतात आणि मग स्वतःलाच बोल लावतात.

उद्यापासून थेट साडेदहाला झोपायचं ठरवू नकोस. पहिली चूक बहुतेक इथेच होते. रोजच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीराचं घड्याळ आपल्याला सर्वात जास्त जागं ठेवत असतं. त्या वेळात अंथरुणावर पडलीस तर नुसती कूस बदलत राहशील, आणि तासाभराने फोन हातात येईल. पहिल्या रात्री साडेबाराला दिवा बंद कर. झोपेची थकबाकी इतकी आहे की फोन जवळ नसेल तर एवढं जमून जाईल. त्यानंतर दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे ये. आठ टप्प्यांत, म्हणजे चोवीस दिवसांत, साडेदहा गाठता येतील. एखादा टप्पा अडला तर तिथेच आणखी तीन दिवस थांब, मागे जाऊ नकोस. उठायची वेळ मात्र रोज साडेसहाच, सुटीला फार तर साडेसात. सगळ्यात नकोसं वाटेल ते हेच, आणि ते सोडलं तर बाकीचं टिकत नाही. सुटीच्या दुपारी अगदीच डोळे मिटत असतील तर तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी घे. त्याहून लांबली तर रात्रीची झोप पुढे जाईल.

सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत घराबाहेर उजेडात वीस ते तीस मिनिटं घालव. चाल, नाहीतर उभ्याने काही वाच. ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स (प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश असतो. दिवा लावलेल्या खोलीत तो काही शेच भरतो, त्यामुळे खोलीतला दिवा त्याच्या जागी चालत नाही. तुझ्या वयात शरीराचं घड्याळ मुळातच उशिराकडे झुकलेलं असतं. उशिरा झोप येणं हा तुझा आळस नव्हे. सकाळचा उजेड त्या घड्याळाला अलीकडे ओढतो. अंथरुणात पडल्या पडल्या फोन बघून हे होत नाही.

चहा-कॉफी दुपारी दोननंतर नको. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफीन अकरा वाजता शरीरात असतं.

फोन रात्री कुठे राहील, यावर बाकी सगळं अवलंबून आहे. चार्जर आजच झोपायच्या खोलीबाहेर ने. उशीखाली किंवा टेबलाच्या खणात ठेवलास तर दोनच दिवसांत तो पुन्हा हातात येईल. घरात दुसरी खोली नसेल तर जिथे पोचायला उठून चार पावलं चालावं लागेल अशा उंच जागी ठेव. गजरासाठी साधं वेगळं घड्याळ घे. फोनच गजर असेल तर रात्री शेवटचा आणि सकाळी पहिला स्पर्श त्यालाच होतो, आणि गजर बंद करायला घेतलेला फोन अर्धा तास खाली ठेवला जात नाही. दिवा बंद करण्याआधी पंचेचाळीस मिनिटं फोन त्याच्या जागी गेला पाहिजे. त्या वेळात दप्तर भर, दात घास, उद्या करायच्या गोष्टी कागदावर लिहून काढ, कागदावर छापलेलं काहीही वाच. डोक्यात घोळणारी कामं लिहिली की ती अंथरुणात फिरत राहत नाहीत.

रात्री कोणाचा तातडीचा फोन आला तर, ही भीती असेल तर ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून घरच्यांचे नंबर त्यातून वगळ. दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजू देण्याची सोयही असते. अँड्रॉइडवर त्याच माणसाने पंधरा मिनिटांत पुन्हा कॉल केला तर, आणि आयफोनवर तीन मिनिटांत केला तर, रिंग वाजते.

पडून साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठ. घड्याळाकडे बघू नकोस, अंदाज पुरे. मंद उजेडात खुर्चीत बसून कंटाळवाणं काहीतरी वाच, डोळे जड झाले की परत जा. अंथरूण म्हणजे जागं पडून राहायची जागा, ही शरीराची गाठ यातून सुटते. अंथरुणावर बसून अभ्यास करतेस का, ते तू लिहिलं नाहीस. करत असशील तर तोही टेबलाकडे ने.

आता दिवसाचं. दोनदा ॲप काढलीस आणि तिसऱ्या दिवशी परत घेतलीस, यात इच्छाशक्ती कमी पडली असं आम्हाला वाटत नाही. तुझ्या मैत्रिणी तिथे आहेत, वर्ग तिथे आहे. एकदम सगळं तोडलं की काही सुटत तर नाही ना, ही धाकधूक वाढते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींच्या नोटिफिकेशन पूर्ण बंद केल्या होत्या आणि काहींना त्या दिवसातून तीनदा एकत्र मिळत होत्या. तीनदा मिळणारे अधिक शांत आणि लक्षपूर्वक काम करणारे निघाले. पूर्ण बंद असलेल्यांची अस्वस्थता मात्र वाढली. तूही तीन वेळा ठरव, उदाहरणार्थ दुपारी जेवणानंतर, संध्याकाळी अभ्यासाला बसण्याआधी आणि रात्री फोन जागेवर ठेवण्याच्या तासभर आधी. प्रत्येक वेळी वीस मिनिटं. बाकी वेळ कॉल सोडून सगळ्या नोटिफिकेशन बंद. व्हॉट्सॲपवर वर्गाचा ग्रुप ‘म्यूट’ कर आणि गप्पांचे ग्रुप ‘अर्काइव्ह’मध्ये टाक. महत्त्वाचा निरोप आला तर कॉल कर, असं एका मैत्रिणीला सांगून ठेव. हे एक वाक्य बोललीस की धाकधूक बरीच उतरेल.

नोटिफिकेशन नुसती दुर्लक्षित करून भागत नाही. २०१५ साली फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या प्रयोगात लोकांनी फोनला हातही लावला नव्हता, तो फक्त वाजला किंवा थरथरला होता, तरी लक्षाच्या चाचणीत त्यांच्या चुका वाढल्या. ‘कोणाचा असेल?’ हा विचारच पुरतो. अर्थात आवाज बंद करणं ही अर्धीच बाजू झाली. संशोधक ग्लोरिया मार्क यांनी कचेऱ्यांत बसून माणसांच्या कामाच्या नोंदी केल्या, तेव्हा निम्म्याच्या आसपास व्यत्यय माणसं स्वतःच आणतात असं दिसलं. कोणी हाक मारत नाही, तरी हात जातो. म्हणून अभ्यासाच्या वेळी फोन त्याच रात्रीच्या जागी, खोलीबाहेर. फोन टेबलावर नुसता असला तरी डोकं अडखळतं, असं २०१७ सालचा एक गाजलेला प्रयोग सांगतो. तो इतरांनी पुन्हा करून पाहिला तेव्हा परिणाम कधी दिसला, कधी नाही, तेव्हा त्याच्यावर आम्ही फार भिस्त ठेवत नाही. पण जो फोन उठून आणावा लागतो तो कमी वेळा आणला जातो, एवढं तर कोणालाही पटेल.

अभ्यासाचं साहित्यच फोनवर आहे, ही तुझी खरी अडचण. तिच्यावर उपाय म्हणजे घेणं वेगळं आणि वापरणं वेगळं. संध्याकाळच्या वीस मिनिटांत त्या दिवशीच्या नोट्स उतरवून घे, जमेल तेवढ्या छापून घे. लागणारे व्हिडिओ डाउनलोड कर. व्हिडिओ बघताना इंटरनेट बंद ठेव. मोठ्या स्क्रीनचं काही घरात असेल तर त्यावर बघ, कारण त्यावर तुझ्या गप्पा उघडलेल्या नसतात. ऑनलाइनच बघावा लागला तर यूट्यूबवर आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय आधी बंद कर. आणि व्हिडिओ बघणं म्हणजे अभ्यास झाला असं मोजू नकोस. दर दहा मिनिटांनी थांबवून, न बघता, काय सांगितलं ते चार ओळींत लिही. चार ओळी जमल्या नाहीत तर तेवढाच भाग परत बघ.

बसायचं किती? आज तुझं लक्ष सलग पंधरा मिनिटं टिकत असेल तर पंधराच. टेबलावर साधं घड्याळ, एक पुस्तक, एक कोरा कागद. पंधरा मिनिटांत ‘अमकं शोधायचंय’, ‘तिला विचारायचंय’ असं मनात येईल. ते कागदाच्या कोपऱ्यात दोन शब्दांत लिही आणि पुढे वाच, फोनच्या ठरलेल्या वेळी बघ. मग पाच मिनिटं सुटी. सलग तीन दिवस पंधरा मिनिटं नीट जमली की पाच वाढव. चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे ताणायची गरज नाही.

या पाच मिनिटांच्या सुटीत फोन नको, हे ऐकायला जाच वाटेल, पण इथे बरेच जण घसरतात. एका कामावरून दुसऱ्याकडे वळताना पहिल्याचा काही अंश डोक्यात रेंगाळतो. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ साली हे प्रयोगातून दाखवलं. पाच मिनिटांत दहा रील पाहिल्या तर दहा विषयांचा गाळ घेऊन तू पुस्तकाकडे परतशील. उठून फिर, पाणी पी, खिडकीतून लांब बघ. कंटाळा आला तर येऊ दे. पुस्तकाकडे वळावंसं वाटायला तोच मदत करतो.

आणि ते पान! वीस मिनिटं एकाच पानावर घालवण्यापेक्षा परिच्छेद वाच, पुस्तक मिट, आठवेल ते लिही, मग ताडून बघ. सुरुवातीला जेमतेम निम्मं आठवेल. त्याने खचू नकोस, कारण आठवून लिहिण्याच्या खटपटीनेच ते पक्कं होतं. पुन्हापुन्हा वाचलं की ओळख वाढते आणि ‘येतंय’ असं वाटतं, परीक्षेत मात्र आठवत नाही.

ॲपवर रोजची मर्यादा घालायची असेल तर अँड्रॉइडवर ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये आणि आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मध्ये घालता येते. पण तू घातलेली मर्यादा तूच दोन टिचक्यांत काढू शकतेस. आयफोनवर तिला पासकोड लावता येतो, तो आईबाबांना ठरवू दे. अँड्रॉइडवर त्याऐवजी त्या ॲपमधून लॉगआउट हो आणि नवा, लांबलचक पासवर्ड एका कागदावर लिहून तो कागद त्यांच्याकडे दे. प्रत्येक वेळी मागायला जावं लागलं की निम्म्या वेळा तूच जाणार नाहीस.

त्यांनी फोन काढून घेण्याबद्दल: तो काढून घेतला तर नोट्स अडतील, आणि परत मिळाल्यावर सगळं पहिल्यासारखं होईल. त्यांना ही योजना दाखव आणि एकच मागणी कर: चार आठवडे घरातल्या सगळ्यांचे फोन रात्री एकाच जागी चार्जिंगला राहतील, त्यांचेसुद्धा. बाहेर बाबांचा फोन आणि आत तुझा एकटीचा बंद, असं फार दिवस चालत नाही.

पहिले चार-पाच दिवस जड जातील. हात रिकामा वाटेल, चिडचिड होईल, रात्री कदाचित आधीपेक्षा जास्त वेळ जागी राहशील. झोप जरा वाढू लागल्यावर दिवसा पेंग जास्त जाणवू शकते. त्यावरून उपाय चुकला असा अर्थ काढू नकोस. एखाद्या रात्री दीड वाजलाच तर दुसऱ्या दिवशी तरी साडेसहालाच उठ आणि त्या रात्री चालू टप्प्याच्या वेळेला झोप. लवकर झोपून भरपाई करायला गेलीस तर घडी पुन्हा विस्कटेल.

एका वहीत रोज तीनच आकडे लिही: दिवा कधी बंद केला, किती वाजता उठलीस, आणि फोन न उघडता अभ्यासाला सलग किती मिनिटं बसलीस. आठवड्यातून एकदा फोनमध्येच तो दिवसातून किती वेळा उघडला ते बघ, तेही लिही. चार आठवड्यांनी दिवा वेळेवर बंद होत असेल, तू आठ तास अंथरुणात असशील आणि तरीही आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नसेल, किंवा झोपूनही दिवसभर पेंग असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. घोरताना श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, मन सतत उदास राहत असेल, कशातच रस वाटत नसेल तर चार आठवडेही थांबू नकोस. आणि जगणंच नको असं कधी वाटलं तर त्याच दिवशी घरच्यांपैकी कोणाला तरी सांग आणि त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जा.